कुत्र्यांना विषारी झाडं : नावांची यादी पाठ करण्यापेक्षा बी, कंद आणि चीक ओळखा

पानगळ (धागाकर्ता)

कुत्र्यांना विषारी असलेल्या झाडांच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांत एक गोची असते. मनी प्लांट आणि सायकस एकाखाली एक, दोन्हींपुढे तीच लाल फुली. मनी प्लांटचं पान चावलं तर कुत्रं लाळ गाळतं, पंजाने तोंड खाजवतं आणि काही तासांत बहुधा सावरतं. सायकसच्या एक-दोन बिया चावून पोटात गेल्या तर दोन-तीन दिवसांत यकृत बसतं. यादीत मात्र दोघंही नुसते 'विषारी'. मग माणूस एकतर अख्खी बाग उपटायला निघतो, नाहीतर 'मनी प्लांट खाल्लं, काही झालं नाही' म्हणून सगळी यादीच मोडीत काढतो. यातलं दुसरं जास्त महागात पडतं.

म्हणून इथे विष कुठे लागतं आणि किती वेळाने कळतं, त्यावरून झाडं लावू या.

तोंडाला लागणारी: मनी प्लांट, डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलेडियम, पीस लिली, झीझी, अळू आणि अळूचे शोभेचे भाऊबंद. काही सेकंदांत ते काही मिनिटांत कळतं.

पोटाला लागणारी: कोरफड (पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक), स्नेक प्लांट, ड्रसीना, शेवंती, अलामांडा, आयव्ही. उलटी, जुलाब, मलूलपणा. बहुतेक वेळा निभावतं. लहान पिल्लाला मात्र जुलाबांनी पाणी कमी पडून त्रास होतो.

हृदयाला लागणारी: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, अडेनियम, पानफुटी आणि कलांचो, फॉक्सग्लोव्ह, लिली ऑफ द व्हॅली.

यकृताला: सायकस. घाणेरीही यकृतालाच लागते, पण ती मुख्यतः गुराढोरांना. कुत्र्यांत घाणेरीने सहसा उलट्या-जुलाबच होतात.

मेंदूला आणि स्नायूंना: धोतरा, ब्रगमॅन्सिया, काजऱ्याच्या बिया, ब्रुन्फेल्सिया (यस्टरडे-टुडे-टुमॉरो).

उशिरा आणि सगळीकडे: एरंडाच्या बिया, गुंज, कळलावीचा कंद.

ढोबळ अडाखा असा, की तोंडात घेताच झोंबणारं झाड कुत्रं स्वतःच थुंकतं, म्हणून डोस कमी जातो. जीव घेणारी बरीच झाडं तोंडात गेल्या गेल्या काही सांगत नाहीत. अडाखाच आहे, नियम नाही.

---

तेरडा

सायकसबद्दल विचारायचं होतं. अरेका पामही तसाच झुपकेदार असतो, आणि दोन्ही 'पाम' म्हणूनच विकले जातात. ओळखायचं कसं?

---

खुरपं_आणि_काठी

@तेरडा, पान हातात घ्या. सायकसची पर्णिका (पानाच्या दांड्यावरचं एकेक पातं) ताठ, चकचकीत गडद हिरवी आणि टोकाला सुईसारखी असते, चुकून घासली तर टोचते. तिच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात. मधोमध एकच शीर असते, बाजूला शिरा नाहीत. अरेकाची पर्णिका मऊ, रुंद, फिकट हिरवी, लांबीला समांतर शिरांची असते आणि वाऱ्यावर लवते. अरेकाच्या बुंध्यावर बांबूसारखी पेरं आणि देठ पिवळसर. सायकसचं खोड जाड, अननसासारखं खवल्यांचं, आणि पानं त्याच्या टोकातून चक्राकार फुटतात.

सायकस मुळात पाम नाहीच. तो सायकॅड, म्हणजे फुलं न येणाऱ्या, उघड्या बियांच्या जुन्या कुळातला. 'सागो पाम' या नावाने सगळा घोळ घातलाय. अरेका कुत्र्यांना बिनधोक.

---

नाडीपरीक्षा

सायकसवर जरा सविस्तर लिहितो, कारण वेळ चुकली की हे प्रकरण हाताबाहेर जातं.

झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. सगळ्यात जास्त बिया, त्याखालोखाल मुळं आणि गड्डा. नर-मादी झाडं वेगळी, बिया फक्त मादीला येतात. झाडाच्या मध्यभागी लोकरीसारख्या तपकिरी पानांचा घुमट दिसतो, त्यात लालसर-केशरी, सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या बिया असतात. त्या पिकून गळतात, कुत्र्याला चेंडूसारख्या वाटतात, आणि खेळत चावल्या की संपलं.

विषाचं नाव सायकॅसिन. ते जसंच्या तसं तितकं मारक नसतं. आतड्यातले जिवाणू त्याचा साखरेचा तुकडा तोडतात, मग उरलेला भाग यकृताच्या पेशी मारतो. म्हणून लक्षणांचे दोन टप्पे पडतात. पहिला काही मिनिटांपासून काही तासांत: उलटी, लाळ, जुलाब, कधी झोकांड्या. मग कुत्रं जरा बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि इथेच लोक फसतात. दोन-तीन दिवसांत डोळ्यांचं पांढरं आणि हिरड्या पिवळ्या पडतात, शौच काळी होते, रक्त गोठेनासं होतं, झटके येऊ शकतात.

दवाखान्यात गेल्यावर काय मागायचं तेही लक्षात ठेवा: उलटी करवणं, सक्रिय कोळशाचे (विष शोषून घेणाऱ्या औषधी पुडीचे) एकाहून अधिक डोस, सलाइन, यकृताला आधार देणारी औषधं. रक्ततपासणी पहिल्या दिवशी, आणि २४, ४८, ७२ तासांनी पुन्हा. पहिल्या दिवशी यकृताचे आकडे चांगले आले म्हणून घरी नेऊ नका. विष तेव्हा कामाला नुकतंच लागलेलं असतं.

आणखी एक. सायकसच्या बुडाशी लहान गड्डे फुटतात. ते काढून दुसऱ्या कुंडीत लावताना मुळांचे तुकडे, खवले खाली पडतात. कुंडी उंचावर ठेवणारी माणसंही त्या दिवशी जमीन झाडायला विसरतात.

---

कुंडी_नं_७

तोंडाला लागणाऱ्या गटाबद्दल. त्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुया असतात, जुडीच्या जुडी, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या रचलेल्या. पान चावताच ओल पेशीत शिरते, पेशी फुगून फुटते आणि सुया जीभ, टाळू, हिरड्यांत घुसतात. कुत्रं एकदम दचकतं, लाळेच्या तारा, पंजाने तोंड ओरबाडणं, आवाज बदलणं, गिळायला त्रास.

करायचं असं: तोंडात अडकलेले पानाचे तुकडे बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. मग पाण्याने तोंड धुवा. पाण्याची धार घशाकडे नको, गालाच्या बाजूने, डोकं खाली ठेवून. दोन-चार चमचे दूध चाटायला दिलं तर जळजळ शमते, सुया काही त्याने विरघळत नाहीत. उलटी करवायची नाही, कारण त्याच सुया परत घशातून वर येतील.

श्वासाला घरघर आली, जीभ सुजून बाहेर लोंबली, किंवा दोन-तीन तासांनीही कमी वाटत नसेल तर थेट दवाखाना. डिफेनबाकियाचं खोड पानापेक्षा जास्त झोंबतं.

---

पानगळ

@कुंडी_नं_७, 'जीभ सुजली' हे लोक उशिरा ओळखतात. सोपी खूण: कुत्र्याला त्याचं सगळ्यात आवडतं काही दाखवा. तोंड उघडायला तयार नाही, पण नजर त्यावर खिळलीय, म्हणजे भूक आहे आणि तोंड दुखतंय. नुसता मलूलपणा असता तर बघितलंच नसतं.

---

रानवाट

कण्हेरीवर बोला कोणीतरी. एवढं सगळीकडे लावलेलं झाड आहे.

---

नाडीपरीक्षा

कण्हेर आणि बिट्टी दोन वेगळी झाडं, पण विष एकाच जातीचं: हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवणारं. उलटी आणि लाळ आधी, मग नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी, अशक्तपणा, कोसळणं. सुरुवात अर्ध्या तासापासून काही तासांत. रक्तात पोटॅशियम वाढलेलं सापडतं. वेळेवर ईसीजी लावून ठेवणं यातच निम्मी लढाई आहे. डिजॉक्सिनवर (हृदयाच्या एका औषधावर) वापरतात तो प्रतिविषाचा उपाय यावरही चालतो, महागडा आणि सगळीकडे न मिळणारा, पण डॉक्टरांना विचारा. डिजॉक्सिनची रक्तचाचणी कण्हेरीच्या विषालाही बऱ्याचदा प्रतिसाद देते, त्यामुळे निदानाला तिचा उपयोग होतो.

ओळख: कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीनच्या वळ्यात, चामड्यासारखी जाड, आणि मधल्या शिरेतून आडव्या बारीक शिरा जवळजवळ काटकोनात, पिसाच्या काड्यांसारख्या. बिट्टीची पानं अरुंद, चकचकीत, फांदीवर एकेक, मोडल्यावर पांढरा चीक. बिट्टीचं फळ हिरवं, चपटं-तिकोनी, पिकून काळं पडतं, आत कठीण आठोळी आणि तिच्यात बिया. बिया सगळ्यात जहाल. आठोळी फुटायला अवघड म्हणून मोठी कुत्री ती हाडासारखी चावत बसतात, आणि तेच वाईट.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, वाळलेली पानंही तितकीच विषारी, छाटणीचा कचरा कोपऱ्यात रचून ठेवू नका. दोन, फुलदाणीतलं पाणी. कण्हेर किंवा लिली ऑफ द व्हॅली ज्या पाण्यात उभी आहे ते पाणीही प्यायला देऊ नये.

---

शेणखत

विषय झाडांचाच आहे, पण खत सोडून चालणार नाही. एरंडीची पेंड! तेल काढून उरलेला चोथा, खत म्हणून कुंड्यांत घालतात. एरंडाचं विष, रिसिन, तेलात उतरत नाही, पेंडेतच राहतं. नीट तापवलेल्या पेंडेत ते निकामी होतं, पण पोत्यावर तसं लिहिलेलं नसेल तर तापवलंय असं धरून चालू नका. आणि कुत्र्यांना तिचा वास भलताच आवडतो. हाडांच्या चुऱ्यात मिसळली असेल तर विचारूच नका, कुंडी उकरून खातात.

एरंडाची बी फुगलेल्या गोचिडासारखी दिसते, ठिपक्याठिपक्यांची. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच. अख्खी गिळली तर कवच टणक असल्याने कधी कधी तशीच बाहेर पडते. चावली तर सहा तासांपासून दोन दिवसांत रक्ताळ जुलाब, उलट्या, पोट दुखणं, पुढे यकृत-मूत्रपिंड. गुंजेचंही तेच: अख्खी बी निघून जाऊ शकते, पण माळेसाठी भोक पाडलेली गुंज जास्त धोक्याची, कारण कवच आधीच फोडलेलं असतं.

नुसता हाडांचा चुराही बिनधोक नाही. बराच खाल्ला तर पोटात सिमेंटसारखा गोळा होतो. गोगलगायींच्या गोळ्या (मेटाल्डिहाइड) तर थरथर, झटके आणि तापमान चढवणाऱ्या. त्या कुत्री खातात, कारण गोळीत धान्याचं पीठ असतं.

---

तेरडा

कंपोस्टचं पण सांगा ना.

---

शेणखत

बुरशी चढलेलं काहीही. बुरशीच्या काही जातींचं विष अर्ध्या तासापासून काही तासांत अंग थरथरवतं, मग झटके. कंपोस्टला झाकण आणि झाकणाला कडी. झालं.

---

गवताचं_पातं

मीठ-पाणी पाजून उलटी करवायची, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय कोणी का लिहिला नाही?

---

नाडीपरीक्षा

कारण तो करू नये. मिठाने रक्तातलं सोडियम एवढं वाढतं की झाडाने नाही तर मिठाने झटके येतात. तेल पाजणं, बोट घशात घालणं, दोन्ही नको. तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. चुलीतला कोळसा म्हणजे सक्रिय कोळसा नव्हे, तोही नको.

हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं, फोनवर पशुवैद्याने सांगितलं तरच. माप साधारण किलोला १ ते २ मिली, आणि कुत्रं कितीही दांडगं असलं तरी एकूण ४५ मिलीच्या वर नाही. केस उजळवण्याचं किंवा रंगवण्याचं जास्त टक्क्यांचं चालत नाही, ते पोट जाळतं. ३ टक्क्यांचं पेरॉक्साइडही जठराला जखमा करतं, म्हणून 'घरात ठेवलंय, देऊन टाकू' असं नको. दवाखाना अर्ध्या तासावर असेल तर तिथलं इंजेक्शन कधीही चांगलं. गुंगीत असलेल्या, थरथरणाऱ्या, झटके येत असलेल्या कुत्र्याला, चपट्या तोंडाच्या जातींना (पग, बुलडॉग), आणि झोंबणारं झाड किंवा काटे खाल्लेल्याला उलटी करवायची नाही. खाऊन दोन तासांपेक्षा जास्त झाले तर उलटीचा फायदा झपाट्याने कमी होतो.

---

कुंडी_नं_७

याला एक जोड. निघताना चार गोष्टी सोबत घ्या: झाडाची फांदी (पान, फूल, फळ, बी जे असेल ते), उलटीचा नमुना पिशवीत, खाल्ल्याची अंदाजे वेळ, कुत्र्याचं वजन. फांदी न्यायला नको वाटत असेल तर फोटो: पान वरून, पान खालून, खोड, फळ आणि अख्खं झाड. एकाच फुलाच्या फोटोवरून कोणीही ओळखत नाही, आणि नर्सरीतलं नाव बहुतेक वेळा चुकीचं असतं.

किती खाल्लं तेही मोजा. कुंडीजवळ उरलेली पानं, बियांची टरफलं गोळा करा. 'थोडंसं' हा डॉक्टरांच्या कामाचा आकडा नाही.

---

चाफा_नाही_चमेली

ब्रुन्फेल्सियाला पहिल्या यादीत एवढी छोटी जागा का? कुत्र्यांसाठी खास घातक झाड आहे. फुलं जांभळी उमलतात, मग फिकट होत तीन दिवसांत पांढरी, म्हणून एका झाडावर तीन रंग. फळं, बिया कुत्र्यांना गोड वाटतात बहुधा, कारण आवडीने खातात. आधी उलटी, लाळ, अस्वस्थता, मग स्नायू ताठरणं, थरथर, झटके. आवाज, स्पर्श, उजेड यांनी झटका वाढतो, म्हणून काजऱ्याचं विष वाटतं आणि निदान चुकतं. झाडाचं नाव डॉक्टरांना सांगितलं तर खूप वेळ वाचतो. थरथर काही दिवस टिकू शकते, अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवावं लागतं.

झाड काढायचं नसेल तर किमान फळं धरू देऊ नका. फुलं सुकली की खुडायची.

---

पानगळ

मान्य, जागा कमी दिली. झाड काढूनच टाका असं मी म्हणेन, फुलं कितीही सुंदर असोत.

धोतऱ्याची खूण त्याच्या उलट: तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग गरम, कुत्रं भिंतीला धडकतं, हवेत भुंकतं. तोंडात लाळ का कोरड, एवढ्या एका गोष्टीवरून या दोन झाडांतला फरक दारातच कळतो.

---

रानवाट

लिली विषारी आहे ना? शिवाय लाल पानांची पॉइन्सेटिया?

---

नाडीपरीक्षा

लिली आणि डे लिली मांजरांना जीवघेण्या, मूत्रपिंड बंद पडतं. कुत्र्यांत मूत्रपिंडाचा तो प्रकार दिसत नाही, पोट बिघडतं (लिली ऑफ द व्हॅली वेगळी, ती वरच्या हृदयाच्या गटातली). घरात मांजरही असेल तर मात्र लिली आणूच नका, परागकण केसांवर पडून चाटले तरी पुरे. पॉइन्सेटियाला उगाच बदनाम केलंय. चीक लागून तोंड चिरमिरतं, एखादी उलटी होते, पुढे फारसं काही नाही. शेर आणि निवडुंगी युफोर्बियाचा चीक मात्र डोळ्यात गेला तर गंभीर: लगेच पाण्याची संथ धार १५ मिनिटं, मग डोळे तपासणं.

कंद म्हणाल तर: डॅफोडिल, हिप्पिॲस्ट्रम, रेन लिली, हायसिंथ, ट्युलिप. विष कंदात साचलेलं असतं, पानात फार कमी. उकरणाऱ्या कुत्र्याला कंद लागतो, चावणाऱ्याला पान. आपलं कुत्रं कोणत्या जातीचं यापेक्षा त्याची खोड कोणती, हे आधी बघा. कळलावीचा कंद नांगरासारखा दुटोकी असतो. त्यातल्या कोल्चिसिनने आधी उलट्या-जुलाब, मग दोन-तीन दिवसांनी अवयव निकामी व्हायला लागतात.

---

शेणखत

वेलीवरची द्राक्षं? आणि भाजीच्या वाफ्यातला कांदा?

---

कुंडी_नं_७

द्राक्षांनी काही कुत्र्यांचं मूत्रपिंड जातं, काहींना काहीच होत नाही. टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं २०२१ पासून मानलं जातं, त्यामुळे चिंचेवरही आता संशय आहे. सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही, म्हणून खाल्ली की फोन करायचाच. एक-दोन दिवसांत लघवी कमी व्हायला लागते. वेलीखाली गळलेली रोज वेचा.

कांदा, लसूण, पात, सगळं. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तपेशी फुटायला लागल्याचं दिसतं, लसूण त्याहून तीव्र, आणि शिजवून विष जात नाही. लक्षणं तीन ते पाच दिवसांनी: फिकट हिरड्या, धाप, तांबडी-तपकिरी लघवी. तेव्हा कोणालाच तो कांदा आठवत नाही.

---

तेरडा

मग लावायचं काय? की प्लास्टिकची झाडं आणू :)

---

खुरपं_आणि_काठी

स्पायडर प्लांट, अरेका, बॉस्टन फर्न, आफ्रिकन व्हायोलेट, कॅलेथिया, गुलाब, सूर्यफूल, स्नॅपड्रॅगन, मोगरा. गुलाबाचे काटे आणि त्यावर मारलेलं औषध ही वेगळी डोकेदुखी. मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशकाची दाणेदार पूड कुत्री असलेल्या घरात नकोच, फवारणीचं औषध वाळेपर्यंत कुत्रं बाहेर.

बिनविषारी झाडही पोटभर खाल्लं तर उलटी होणारच. दोन पानं चघळून झालेली एक उलटी म्हणजे विषबाधा नव्हे.

उंचीचं गणित: टांगलेली कुंडी ठीक, पण मनी प्लांटचा वेल वाढत वाढत खाली येतो. दर महिन्याला वेल कुत्र्याच्या मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या उंचीच्या वर छाटा. स्टँडवरची कुंडी शेपटीने पडते, ती भिंतीला बांधा. कुंडीच्या मातीवर मोठे गोटे ठेवले तर उकरणं थांबतं. गोटे मुठीपेक्षा मोठे हवेत, नाहीतर तेच गिळतील.

---

चाफा_नाही_चमेली

@खुरपं_आणि_काठी, मातीवर कोकोच्या टरफलांचं आच्छादन घालणारे पण आहेत, गोड वास येतो म्हणून. त्यात चॉकलेटमधलंच थिओब्रोमीन असतं. नारळाचा भुसा किंवा लाकडाचा कीस वापरा.

---

पानगळ

पहिल्या पोस्टमध्ये ब्रुन्फेल्सिया, एरंडीची पेंड आणि कोकोचं आच्छादन वाढवतो. बिट्टी आणि कण्हेरीच्या पानांचे शेजारी-शेजारी ठेवलेले फोटो कोणाकडे असतील तर टाका, पानाची खालची बाजूही दिसू द्या.